मापाची रायफल

त्या वर्षी आमच्या जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. बंदुकांच्या कॅटलॉगांचे गठ्ठे, आलेखाचे कागद, लायब्ररीतून आणलेली शिकारीची पुस्तकं, घरात चांगला कॅल्क्युलेटर असतानाही आबांनी कपाटातून काढलेली आकडेमोडीची जुनी स्लाइड रूल, आणि या सगळ्याच्या मधोमध आईची लोणच्याची बरणी. ती तिनं मुद्दाम तिथून हलवली नव्हती. "टेबल कुणाचंय ते लक्षात राहू दे," असं म्हणायची. आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर जेवायचो आणि आबा घास तोंडात असतानाच उठून एखादा आकडा लिहून यायचे. आता माझ्याही घरी टेबलावर कागदांचा ढीग असतो, माझा नवरा कुरकुरतो, आणि मी त्याला सांगते की बाबा रे, निदान यात बंदूक नाही.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरचे, यंत्रांचे इंजिनियर, उंची पाच फूट चार इंच आणि आवाज सहा फुटी माणसाचा. नेपरव्हिलहून रोज सकाळच्या गाडीनं शिकागोला ऑफिसला जायचे, आणि त्या शरदात गाडीतल्या अनोळखी माणसांनाही ते कॅलिबरबद्दल विचारत होते. मी पंधरा वर्षांची. चार वर्षांची असताना आईच्या कडेवरून अमेरिकेत उतरले, त्यामुळे घरात आईआबांशी कोल्हापुरी, शाळेत इंग्रजी, आणि भांडताना दोन्ही. आई घरी शिवणकाम करायची. शिकागोच्या आसपासच्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनवरून जायचे, आणि टेप तिच्या गळ्यात मंगळसूत्राइतकीच कायमची असायची.

सगळ्याला सुरुवात झाली ती शेजारच्या वॉल्टरकाकांमुळे. ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, एकटे राहणारे, उंच आणि हडकुळे. अमेरिकन मुलं त्यांना नुसतं वॉल्टर म्हणायची, पण आबांनी मला बजावलं होतं, "सत्तरीच्या माणसाला नावानं हाक मारलीस तर याद राख." म्हणून ते काका झाले आणि त्यांना ते फार आवडलं. ते बोलायचे इंग्रजीतच, पण माझ्या आठवणीत ते सगळं मराठीतच साठलंय, तर तसंच लिहिते. आदल्या हिवाळ्यात ते पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं गोठलेलं मटण घेऊन दारात उभे राहिले. स्वतः मारलेलं हरीण. आई म्हणाली, "अगं बाई, हरणाचं? तेवढंच राहिलं होतं." पण हात लगेच पुढे केला, कारण इथल्या दुकानातल्या लॅम्बला चव म्हणून नाही, अशी तिची अकरा वर्षांची तक्रार होती.

रविवारी तिनं वॉल्टरकाकांनाही जेवायला बोलावलं आणि तांबडा रस्सा केला. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजली, गावाकडून आलेली कांदा-लसणाची चटणी डब्याच्या तळातून खरवडून घातली. खिडक्या बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरभर असा वास की मी अभ्यास सोडून जिन्यावर येऊन बसले. आबांनी पहिला भुरका मारला आणि वाटी खालीच ठेवली नाही, ती तशीच आईपुढे धरली. तिसऱ्या वाटीला म्हणाले, "हे खरं मटण. अकरा वर्षं आपण काय रबर खातोय?" वॉल्टरकाकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी ते थांबायला तयार नव्हते. नाक पुसत म्हणाले, "पुढच्या सीझनला तू चल माझ्याबरोबर. पण रायफल तुझी तू आणायची." संपलं! त्या क्षणापासून आबा नांदायला आमच्या घरी आणि मनानं जंगलात.

आमच्या इलिनॉय राज्यात हरणावर रायफल चालत नसे, तिथं शॉटगनच लागे. पण वॉल्टरकाकांची लाकडी केबिन वर विस्कॉन्सिनच्या रानात होती आणि तिथं रायफल चालायची. तर प्रश्न उरला तो एवढाच की कुठली. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, आणि नळीची लांबी म्हणजे लांबी. या दोन आकड्यांवर माणूस सहा महिने काढू शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आबा होते थर्टी-ऑट-सिक्सचे, म्हणजे दणदणीत मोठ्या काडतुसाचे, आणि नळी चोवीस इंची. एक इंच कमी नाही. "नळी लांब, तेवढी दारू जास्त जळते. दारू जास्त जळली की गोळीला वेग. साधं फिजिक्स आहे," असं ते दूध प्यायला उठलेल्या मला फ्रीजवर चिकटवलेल्या आलेखावर बोट ठेवून सांगायचे.

त्यांना विरोध करायला दर शनिवारी देशपांडेकाका यायचे. हे पुण्याचे, हृदयाचे डॉक्टर, आणि शुद्ध शाकाहारी. अंडं फक्त केकमधलं चालायचं, तेही सांगितलं नाही तर. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, पण मत होतं. टू-सेव्हन्टी, म्हणजे जरा लहान कॅलिबर, आणि बावीस इंची नळी, याच्यापुढे सगळं अडाणीपणा.

"अहो, हरीण मारायचंय की हत्ती?" ते विचारायचे.

"तुम्ही गप ऱ्हावा डॉक्टर. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही खाणार आहात काय त्यातलं?" आई आतून ओरडायची.

"वहिनी, प्रश्न तत्त्वाचा आहे!"

आणि मग दोघं आलेखावर डोकं घालून अशा हिरीरीनं भांडायचे की हसून हसून माझं पोट दुखायचं. सहा कप चहा, चकल्यांचा डबा रिकामा, आणि शेवटी देशपांडेकाका उठता उठता म्हणायचे, "मी तुम्हाला आर्टिकल झेरॉक्स करून पाठवतो." ते खरंच पाठवायचे.

आबांच्या चोवीस इंचांमागं फिजिक्स नव्हतं, हे आईला आणि मला ठाऊक होतं. त्यांच्या मामांकडे पन्हाळ्याच्या बाजूला एक जुनी ठासणीची बंदूक होती, मामांच्या खांद्याच्याही वर जाणारी. आबा लहानपणी त्यांच्याबरोबर रानात जायचे, मेलेले ससे पाठीवर वाहायचे, पण बंदुकीला हात लावायची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही. मामांच्या मुलांना मिळाली. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही हसत, पण बंदूक म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर तीच लांबलचक नळी यायची. माणसाचं असंच असतं.

आता माझं. ती सगळी पुस्तकं मीही वाचत होते, आबा ऑफिसला गेले की. आबा आकडे वाचायचे, मी बाकीचं वाचायची: वारा कुठून येतो, हरीण कान कसे हलवतं, श्वास अर्धा सोडून चाप कसा हलके ओढायचा. मला वेड लागलं होतं. एका रात्री सोफ्यावर पिठलं-भात खाताना मी म्हणाले, "आबा, आय वॉन्ट टू कम टू."

"ये की. आईला डबा करून द्यायला सांग."

"डबा न्यायला नाही. शूट करायला."

आईचा हात घासावरच थांबला. आबा मोठ्यानं हसले, मग मी हसत नाही हे बघून थांबले. म्हणाले, "निमे, रायफल एकच घ्यायचीय."

"मग दोघांना झेपेल अशी घ्या ना! टू-फॉर्टी-थ्री घ्या. लहान कॅलिबर, वीस इंची नळी. धक्का कमी बसतो. हरणाला पुरते, मी वाचलंय."

"खुळी का काय? ते खेळणं झालं," असं म्हणून ते उठले आणि आलेखाकडे गेले. त्या दिवशी मला एक गोष्ट स्वच्छ कळली. ते जी रायफल आणतील, तेच माझ्या प्रश्नाचं उत्तर असणार होतं. ती मला पेलली तर मी शिकारी, नाही तर डबेवाली.

वॉल्टरकाकांना मी कुंपणावरून विचारलं, मुलगी चालेल का म्हणून. ते पानं गोळा करत होते. म्हणाले, "माझ्या केबिनचा नियम एकच. शंभर यार्डांवर कागदी प्लेट लावायची, आपण जेवतो तसली. पाच गोळ्या. पाचही प्लेटीत लागल्या तर रानात. नाही तर केबिनमध्ये भांडी घासायची. माझ्या सख्ख्या भावानं तीन सीझन घासली." मी तिथंच उडी मारली. शिकाऱ्यांना सक्तीचा असलेला सुरक्षेचा कोर्स मी आणि आबांनी त्यांच्याच गाडीतून जाऊन केला, आणि परीक्षेत मला आबांपेक्षा दोन मार्क जास्त पडले. आबा म्हणाले, प्रश्नच चुकीचा होता.

खरेदीला मुहूर्त लागतो. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, आणि अकरा वर्षं आबा बिचारे पाना, पक्कड, आईची कात्री, शिवणाचं मशीन आणि गॅरेजमधली गाडी एवढ्यावर भागवत होते. यंदा खरं शस्त्र! तर नवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दुकानात. दुकानदार दाढीवाला, गोड माणूस. आबांनी थर्टी-ऑट-सिक्स मागितली, चोवीस इंची. ती खांद्याला लावली तर मागचा लाकडी दस्ता इतका लांब की त्यांचं बोट चापापर्यंत जेमतेम पोचत होतं, आणि पुढचं टोक हळूहळू जमिनीकडे निघालं होतं. दुकानदारानं दुसरी एक आणून हातात दिली. आबांनी ती खांद्याला लावली मात्र, चेहराच बदलला. गाल जागेवर, डोळा दुर्बिणीसमोर, बोट चापावर. "अरे वा! धिस इज व्हेरी नाइस. धिस इज परफेक्ट. काय म्हणतात हिला?"

"टू-फॉर्टी-थ्री, सर. वीस इंची. यूथ मॉडेल."

"यूथ?"

"लहान मुलांसाठी, सर. दहा-बारा वर्षांच्या."

आबांनी चटका बसल्यासारखी ती काउंटरवर ठेवली. मी "आबा, प्लीज, प्लीज" म्हणत त्यांची बाही ओढली. मी ती उचलली, मलाही तशीच बसली, अगदी तशीच. दुकानदार म्हणाला, "दोघांनाही छान बसतेय." त्या भल्या माणसाला काय कल्पना की यानंच सगळं बिघडलं. आबांनी चोवीस इंची थर्टी-ऑट-सिक्स घेतली. घरी येईपर्यंत गाडीत मी खिडकीला नाक लावून रडत होते, आणि आबा रेडिओचा आवाज वाढवत होते.

पण दुसऱ्या दिवशी पूजेला राग धरणार कोण? आईनं अंगणातले झेंडू थंडीत कोमेजायच्या आत खुडून माळ केली होती. पाटावर लाल कापड, त्यावर रायफल, तिच्या शेजारी पाना-पक्कड, कात्री, आणि जागा उरली म्हणून माझी कंपासपेटी. आईनं ओल्या बोटानं दस्त्यावर पाच-पाच बोटं हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. वॉल्टरकाका टाय लावून आले होते, श्रीखंड-पुरी खाऊन म्हणाले की त्यांनी चाळीस वर्षं न ओवाळलेल्या बंदुका घेऊन रानात जाण्याचा धोका पत्करला, आता त्यांचीही रायफल ओवाळा. ती पण आणली, ओवाळली. देशपांडेकाका लांबून अक्षता टाकत म्हणाले, "नळी दोन इंच जास्तच आहे."

पूजा झाली, आणि मग आम्ही ती रायफल पहिल्यांदा उडवायला गेलो. हीच आमची चूक. जगात कुणीही आधी बार काढून बघतं, जमली नाही तर बदलून आणतं. आम्ही आधी हळदीकुंकू लावून घरची केली.

नेमबाजीची रेंज मक्याच्या कापलेल्या शेतांमध्ये होती. वॉल्टरकाकांनी प्लेट लावली. आबांनी बार काढला आणि "आयायायाया" असा आवाज बाराच्या आवाजाच्याही वर ऐकू आला. दस्ता लांब म्हणून त्यांनी मान पुढं ताणली होती, त्यामुळे धक्क्यानं दुर्बीण येऊन भुवईवर बसली, आणि तिथं अर्धचंद्र उमटला. दुसऱ्या बाराला त्यांनी आधीच डोळे मिटले. तिसऱ्यालाही. वीस गोळ्यांत प्लेट कोरी करकरीत. मग मी. माझ्या हातात ती पेलवेना, टोक गोल गोल फिरत होतं, आणि बार सुटला तसा खांद्यात असा दणका बसला की मी बाकावरून मागं सरकले. शेजारच्या शेतकऱ्याच्या मातीच्या ढिगाचं तेवढं नुकसान झालं. घरी आल्यावर आईनं आबांच्या भुवईवर हळद दाबली, माझ्या खांद्याला हळदीचा लेप दिला. आबा सोमवारी पिवळी भुवई घेऊन शिकागोला गेले आणि गाडीत कुणाशीच कॅलिबरबद्दल बोलले नाहीत.

वॉल्टरकाकांनी परस्पर दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, हरकत नाही, टू-फॉर्टी-थ्री देतो बदलून. मी आनंदानं किंचाळले! पण आबा खाली मान घालून बसले. "पुजलेलं शस्त्र परत करायचं नसतं," म्हणाले. मला वाटलं आता आई तरी त्यांना झापेल, तर ती म्हणाली, "दसऱ्याची घरात आलेली वस्तू माघारी? न्हाई बाई. ते काय व्हायचं नाही." मी पाय आपटले, इंग्रजीत भांडले, "इट्स नॉट फेअर! मग पुजलीत कशाला आधी?" सीझनला चार आठवडे उरले होते आणि घरात एक रायफल होती, जी बापालाही चालवता येत नव्हती आणि लेकीलाही.

तोडगा काढला आईनं. दोन-तीन दिवस ती मशीनवर बसल्या बसल्या कोपऱ्यातल्या रायफलकडे बघत होती. मग एका संध्याकाळी तिनं गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "अहो, हात वाकवा बघू." आबांच्या कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत तिनं माप घेतलं. मग माझं. मग दस्त्याचं. "हे बघा. तुमच्यात न् पोरीत पाव इंचाचा फरक. आणि ही बाही तुम्हा दोघांनाही इंच-सव्वा इंचानं लांब. मग? लांब बाही झाली तर मी गिऱ्हाइकाला ब्लाऊज फेकून द्यायला सांगते काय? आखूड करते."

आबा बघतच राहिले. अशी मापं त्यांच्या एका पुस्तकात होती, पण ते पान त्यांनी उलटून टाकलं होतं, कारण त्यावर आलेख नव्हता. मग इंजिनियर जागा झाला. त्यांनी रायफल बोटावर तोलली. "मागून कापली तर पुढं जड होईल. तोल जाणार. तोल राखायचा तर..." आणि ते थांबले.

"तर?" मी विचारलं.

"तर नळीपण कापावी लागेल. तीन इंच."

मग आबा हळूच म्हणाले, "पण पूजेतल्या शस्त्राला करवत लावायची?"

"अंबाबाईच्या ओटीतला खण घरी आणतो ना आपण?" आई म्हणाली. "त्याची चोळी बेतायला कात्री लावतोच की. देवीनं कधी तक्रार केली? नुसता घडी करून ठेवला तर तो खण काय कामाचा?"

आबा उठले, अंगणात जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. मामांच्या बंदुकीचा विचार करत असतील, दुसरं काय? बऱ्याच वेळानं आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "निमे, जॅकेट घाल. वॉल्टरकाकांच्या ओळखीचा गनस्मिथ सातला बंद करतो." मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांची भुवई दुखली, ओरडले, पण मी सोडलं नाही.

एकवीस इंची नळी, आखूड दस्ता, मागं रबराची जाड गादी. वॉल्टरकाका तळघरात स्वतः काडतुसं भरायचे, त्यांनी आमच्यासाठी हलका बार भरून दिला. कॅलिबर तेच, धक्का निम्मा. देशपांडेकाकांनी हिशेब करून सांगितलं की नळी कापल्यानं वेग फारसा गेला नाही, आणि आबांच्या चोवीस न् माझ्या वीसची सरासरी बावीस, म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. दस्त्यावरच्या बारीक नक्षीत हळद बसली होती ती काही केल्या निघाली नाही. आम्ही रोज संध्याकाळी रिकामी रायफल खांद्याला लावून दारावरच्या कॅलेंडरवर नेम धरायचो, आळीपाळीनं, आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आज चतुर्थी आहे, चतुर्थीला मारू नका."

सीझनच्या आधीच्या शनिवारी परीक्षा. आबा पहिले. एक, दोन, तीन, चार, चारही प्लेटीत! आबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. पाचव्याला, देव जाणे का, पूर्वीसारखे डोळे मिटले. गोळी प्लेटीच्या चार बोटं वरून गेली. मग मी. श्वास अर्धा सोडायचा. पाच. वॉल्टरकाका प्लेट घेऊन आले, त्यात पाच भोकं, आणि ते आबांकडे बघत उभे राहिले. मला एकदम भीती वाटली. मला पाच पाहिजे होत्या, पण आबांच्या चार नको होत्या. मी म्हणाले, "आबा, यू कॅन टेक माय टर्न." आबांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली, भोकांतून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गप. नियम म्हणजे नियम." मग खो खो हसत सुटले. "आयला, चौदा वर्षांपूर्वी हिला चमचा धरता येत नव्हता!"

केबिन पाइनच्या झाडांमध्ये, बर्फ घोट्यापर्यंत. पहाटे आबांनी आम्हाला पोहे करून घातले, माझ्या नारिंगी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत लावली, टोपी दोनदा नीट केली, आणि मग बाह्या वर करून सिंककडे वळले. वॉल्टरकाका आणि मी एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला बसलो. पायांची बोटं आहेत की नाही कळत नव्हतं. उजाडलं, खारी नाचू लागल्या, आणि मग एक नर, दोन-दोन फाट्यांची शिंगं, ओढ्याच्या काठानं मान खाली घालून आला. वॉल्टरकाकांनी माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं. पुढचं मला आवाजाशिवाय आठवतं. धक्का बसला, हरीण चार उड्या मारून कोसळलं, आणि मी हसत होते की रडत होते ते वॉल्टरकाकांनाही सांगता आलं नाही.

आम्ही हरणापाशी पोचतोय तोवर झाडांतून कुणीतरी धडपडत येताना दिसलं. आबा! तपकिरी स्वेटर, नारिंगी काही नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाचे, हातात ओला तवा. एकच बार ऐकला, दुसरा ऐकू आला नाही, म्हणून मला काही झालं असं वाटून धावत सुटले होते. वॉल्टरकाका आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे आबांवर ओरडले, "मूर्खा! या रंगात या रानात! कुणी हरीण समजून मारलं असतं तुला!" आबांना ऐकूच आलं नाही. ते हरणाकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, मग तवा बर्फात टाकून त्यांनी हरणाला हात जोडले. मी माझी नारिंगी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली.

दुपारी हरणाची नोंद करायला आम्ही गावातल्या नोंदणीच्या जागी गेलो. पेट्रोल पंपाच्या मागं एक शेड, आत शेगडी, आणि लाल गालांचे दहा-बारा शिकारी कॉफी पीत उभे. वजन झालं, कानाला टॅग लागला. टेबलामागच्या माणसानं आबांकडे बघून हसत विचारलं, "छान आहे, सर. काय वापरलंत? कॅलिबर कुठलं?"

सहा महिने या प्रश्नाची वाट बघणारा माणूस! फ्रीजवरचे आलेख, स्लाइड रूल, दारू किती जळते, सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं. मग मिटलं. एक पाऊल मागं सरकले, आणि सगळे ऐकतील अशा त्यांच्या त्या सहा फुटी आवाजात म्हणाले, "मला काय विचारता? रायफल तिची आहे. तिला विचारा."

ते सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले.

"थर्टी-ऑट-सिक्स," मी म्हणाले. "एकवीस इंची नळी."